मॅकच्या पोटात विंडोज

४ जानेवारी, रविवार

रेणू पुण्याहून आली, येताना तिचा जुना मॅक घेऊन. कंपनीने तिला नवा दिलाय, हा आता माझा. "बाबा, पाडू नका फक्त." जसा काही मी रोज काही ना काही पाडत असतो. गेल्या महिन्यात कप पडला तो तिच्या आईने, मंगलने, टेबलाच्या अगदी कडेला ठेवला होता.

थंडगार पत्रा, कडा गुळगुळीत. पंख्याचा आवाज नाही, त्यामुळे चालू आहे की बंद हे कानाला कळतच नाही. माझा जुना डेस्कटॉप मरेपर्यंत घरघरत होता, निदान जिवंत आहे एवढं सांगायचा. रेणूने कुठलंसं बटण तीनदा दाबलं आणि आतून बाई बोलायला लागली. स्क्रीनवर जे असेल ते न दिसणाऱ्याला वाचून दाखवते, मराठीत. सावकाश, समजूत घातल्यासारखी. नाव ठेवलं मावशी.

मंगल म्हणाली, "माझ्यापेक्षा गोड बोलते तुमची मावशी."

६ जानेवारी, मंगळवार

बँकेच्या शाखेत तेच. टेलिफोन बोर्डापाशी बसून होतो. सकाळपासून दोन फोन, दोन्ही राँग नंबर. ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा बोटं दुखायची संध्याकाळपर्यंत. आता लोक थेट मोबाइलवर बोलतात. पगार येतो, काम येत नाही.

नव्या मॅनेजरांना, शिरसाठ साहेबांना, परत विचारलं. तक्रारी नोंदवायचं काम मला द्या. परवीन मॅडमवर काउंटर आणि तक्रारी दोन्हींचं काम पडलंय, जेवायला पण मिळत नाही त्यांना. साहेब म्हणाले, "जाधव, सॉफ्टवेअरवाले म्हणतात बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर आमचं चालत नाही. तुम्ही कशाला त्रास करून घेता, बसा ना निवांत."

निवांत. हा शब्द हल्ली चावतो मला.

चालत नाही हे कोणी चालवून बघितलं, ते विचारायचं राहिलं.

७ जाने., बुध.

विचारलं. कोणीच नाही.

म्हटलं मी बघतो. तर शाखेच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काही टाकायचं नाही, वरून परवानगी लागते, आणि चालतं हे दिसल्याशिवाय वर लिहिणार काय? म्हणजे टाकल्याशिवाय दाखवता येत नाही, दाखवल्याशिवाय टाकता येत नाही. साहेब वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की ते माझ्यावर उपकार करतायत.

परवीन मॅडम डबा खाता खाता म्हणाल्या, "जाधवभाऊ, सरावाची कॉपी घरी टाका म्हणून सगळ्या स्टाफला मेल आलाय की. तुम्हालापण आला असणार. तुमचं नाव काढायची तसदी कोण घेतंय?" आला होता. सगळे खातेदार खोटे, तक्रारी खोट्या, पण सॉफ्टवेअर तेच. फक्त विंडोजवर चालतं. आणि घरी मॅक.

संध्याकाळी रेणूला फोन. "बाबा, मॅकच्या आत विंडोज चालतं. मी कधी केलं नाहीये, पण चालतं." मॅकच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा म्हणे, आणि त्या बिचाऱ्याला वाटत राहतं आपण खरेच आहोत. जेवताना तेच डोक्यात. मंगल म्हणाली, सेकंडहँड साधा विंडोजचा घ्या आणि मोकळे व्हा. बरोबर आहे तिचं. पण आता मला ते आतलं बघायचंय.

१० जाने., शनि. सुट्टी

खोटा कॉम्प्युटर करणारा प्रोग्रॅम फुकट मिळाला. विंडोजची फाइल मात्र दिवसभर उतरत होती. संक्रांत जवळ आल्यामुळे मंगलकडे ब्लाउजचा ढीग, तिचं मशीन आणि माझं डाउनलोड दोघंही चालूच.

तिसऱ्या प्रहरी एकदाचं सुरू केलं. मावशी म्हणाली: "विंडो. रिकामी."

बाण दाबले, टॅब दाबलं. रिकामी. बाहेरचं सगळं वाचते, बॅटरी किती, वाय-फाय कुठलं, घड्याळ काय म्हणतंय. आत आख्खं विंडोज उभं राहतंय आणि हिला पत्ता नाही. तिच्या लेखी ते नुसतं एक चित्र. शेजारच्या फ्लॅटमध्ये लग्न लागलंय आणि ही म्हणते कुलूप आहे.

मग फोन काढला. फोनच्या कॅमेऱ्यासमोर काही धरलं की तो वाचतो. एका हातात फोन, दुसऱ्याने टॅब. फोन म्हणाला "नेक्स्ट". पुढे म्हणाला "भोगी". विंडोजमध्ये भोगी कुठून आली, या विचारात बराच वेळ गेला. मागे भिंतीवर कॅलेंडर.

११ जाने., रवि.

फोन धरून हात भरून आले, शेवटी मंगलला बोलावलं. मशीन थांबवून आली. "तुम्ही सांगाल तिथे दाबते. चुकलं तर मला बोलायचं नाही." कबूल.

देश विचारला. कीबोर्ड विचारला. मग अडलं: इंटरनेट नाही. बाहेरच्या मॅकला आहे, आतल्या कॉम्प्युटरला नाही. मंगल म्हणे, एकाच घरात आहेत ना, मग त्याला का नाही देत हा? मला हाच प्रश्न पडला होता, फक्त विचारायची लाज वाटत होती. रेणूने फोनवरून कुठलीशी एक फाइल आत घालायला लावली. चाललं.

मग कमांड, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबले. विंडोजमध्ये एक वाचणारा मुळातच असतो, तो असा जागा होतो असं ऐकून होतो. चार-पाच सेकंद काही नाही. आणि एक पुरुषाचा आवाज, इंग्रजीत, खणखणीत. मंगल दचकली. त्याच वेळी मावशीचं चालूच: विंडो, रिकामी. मी हसत सुटलो. एवढं हसण्यासारखं काय होतं ते सांगता येणार नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं.

मंगलने बाकीचं तशीच उभी राहून ऐकलं. ब्लाउज राहिले म्हणून नंतर बडबडली.

१४ जाने., संक्रांत

त्या इंग्रज गृहस्थाला निरोप दिला. माझा नेहमीचा, फुकटचा वाचक आत टाकला. त्याचा मराठी आवाज पत्र्याचा, नाकातून, भावना वगैरे शून्य. नाव डबा. कॉम्प्युटर क्लासला सगळं याच्यावर शिकलो. त्याचा वेग इतका वाढवलाय की मंगलने विचारलं, हे मराठी आहे का? तिला तिळगूळ दिला. डब्याला गोड बोल म्हणायचं धाडस नाही.

मावशी चांगलीच आहे, पण ती सांगत बसते. डबा नुसतं फेकतो आणि मी झेलतो. कामाला मला डबाच हवा.

१७ जाने., शनि.

भांडण लागलं दोघांचं.

दोघांनाही हुकूम द्यायचं बटण एकच, कॅप्स लॉक. म्हणजे मी डब्याला विचारायला जातो "वेळ काय", तर मावशी मधेच "मेनू बार". डबा बोलतो, ती बोलते, आणि मला दोन्ही ऐकू येतं म्हणून काहीच ऐकू येत नाही. साध्या विंडोजवाल्याला हे दुखणं होणार नाही, मॅकवाल्यालाही नाही. दोन्ही घरं एकदम मांडली की होतं.

मावशीकडून ते बटण काढून घेतलं, तिला कंट्रोल-ऑप्शनवर बसवलं. समाधानाने चहा प्यालो. परत येऊन पासवर्ड टाकला तर चुकीचा. पुन्हा टाकला, चुकीचा. पुन्हा.

१८ जाने., रवि.

दुपारपर्यंत कुलूपबंद. स्वतःच उभा केलेला कॉम्प्युटर आणि मला आत घेत नाही. मंगलला वाटलं मी पासवर्ड विसरलो. तिचं नाव आणि लग्नाची तारीख आहे, विसरून सांगू कोणाला.

मग ध्यानात आलं. मी कॅप्स लॉक दाबतो, बाहेरचा मॅक समजतो सुरू झालं, आतलं विंडोज समजतं अजून चालूच आहे. दोघांचं मत वेगळं. सगळी अक्षरं मोठी पडत होती. पासवर्डला चांदण्या येतात, डबा "चांदणी, चांदणी" एवढंच म्हणणार, त्याला तरी काय कळणार.

रेणूने एक छोटा प्रोग्रॅम सुचवला. त्यात मॅकला सांगितलं की हे बटण कॅप्स लॉक नव्हेच, भलतंच बटण आहे. मग विंडोजला सांगितलं, ते भलतं बटण म्हणजे डब्याचं. दोघांशी दोन थापा मारल्यावर घरात शांतता. रेणू म्हणाली, "बाबा, तुम्हाला मजा येतेय ना?" येतेय. खूप वर्षांनी रविवार संपू नये असं वाटलं.

२५ जाने., रवि.

सरावाची कॉपी आत बसली. उघडली. इतके दिवस ज्याच्यासाठी चाललंय ते हेच.

डबा म्हणाला: "बटण. बटण. बटण. बटण. बटण."

सॉफ्टवेअरवाले अगदीच खोटं बोलत नव्हते. बटणांवर चित्रं आहेत, नावं दिलेली नाहीत. डोळसाला चित्र दिसतं, मला पाच सारखी दारं. थोडा वेळ खट्टू होऊन बसलो. हे शाखेत दाखवलं तर साहेब म्हणतील, बघा, मी सांगितलं नव्हतं?

मग म्हटलं खातेदार खोटे, पैसे खोटे, बिघडणार काय? पहिलं दाबलं: नवीन तक्रार. दुसरं: शोध. तिसऱ्याने सगळं बंद झालं. चौथं छापायला निघालं. पाचवं: जतन. पाचव्याला देव पावला.

२६ जाने., सोम. सुट्टी

सकाळी झेंडावंदन. आल्यावर परत बसलो. विभागांची यादी डबा नीट वाचतो: ठेवी, कर्ज, कार्ड, पेन्शन, लॉकर. खाली बाण दाबत जायचं. श्रीमती खोटे, राहणार खोटेवाडी, यांच्या सोळा तक्रारी नोंदवल्या. बाईंचं एटीएम कार्ड मशीनने गिळलं, पासबुक भिजलं, लॉकर उघडेना. दुपारपर्यंत यादी ऐकायची गरज उरली नाही, बोटंच मोजायला लागली. मंगल म्हणाली, या बाईला एवढा त्रास असेल तर तिने दुसरी बँक बघावी.

५ फेब्रु., गुरु.

साहेबांना सांगितलं, माझ्या लॅपटॉपवर दाखवतो, खोट्याच खात्यांवर, शाखेच्या कशालाही हात लावत नाही. "बघू." परवीन मॅडमनी जाता जाता त्यांच्या कानावर घातलं की जाधवभाऊंनी तक्रारी घेतल्या तर मला जेवायला अर्धा तास तरी मिळेल. त्या येवल्याच्या, माहेरी पैठणीचे माग. स्पष्ट बोलतात आणि गोडही बोलतात, दोन्ही एकदम कसं जमतं कोण जाणे.

गुरुवारी दाखवा म्हणाले साहेब. पुढच्या.

१२ फेब्रु., गुरु.

शाखेत जाताना नाशिक रोडला उतरल्यापासून पाठीवरची बॅग घट्ट धरून होतो. रिक्षावाला म्हणाला, सोनं आहे का काका?

चार वाजता, गिऱ्हाईक पांगल्यावर. साहेब माझ्या मागे उभे, परवीन मॅडम बाजूला, आणखी एक-दोघं. मावशीला गप्प केलं. डबा सुरू. नवीन तक्रार, नाव, खातं, विभाग, जतन. शोधून काढली, शेरा लिहिला, बंद केली. एकदाही अडखळलो नाही. वळून बसलो.

मग साहेब अगदी सौम्यपणे: "जाधव, चालू कधी करताय?"

"झालं की साहेब."

"अहो, स्क्रीन काळी आहे."

उजेड. स्क्रीनचा उजेड मी शून्यावर ठेवतो, बॅटरी वाचते, मला काय करायचाय. इतके दिवस घरी कोणी म्हटलं नाही, कारण मंगलही आता बघायची थांबली होती. एवढा वेळ ही माणसं एका काळ्या पाटीपुढे उभी होती, आणि मी टकटक करतोय, आणि एक पत्र्याचा आवाज काहीतरी बरळतोय. त्यांना काय वाटलं असेल माझ्याबद्दल? परवीन मॅडम फुटल्या. मग सगळेच. मी पण.

उजेड वाढवला, डब्याला सावकाश केलं, सगळं परत केलं. या वेळी मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. साहेब बसले.

"हेच मघाशी केलंत?"

"हेच."

ग्राहकांसमोर एवढी बडबड कशी चालेल, म्हणाले. एका कानात इअरफोन. खातेदाराची माहिती कोणी ऐकली तर? इअरफोन. बरं. म्हणाले, वर लिहितो. खरंच लिहितील का ते आवाजावरून कळलं नाही. माझा अंदाज सहसा चुकत नाही, आज लागला नाही.

२० फेब्रु., शुक्र.

काही नाही. बोर्ड. एक फोन, बँक चालू आहे का विचारायला.

घरी आता सराव करावासा वाटत नाही. खोटेबाईंचा कंटाळा आला.

२७ फेब्रु., शुक्र.

लिहिलं होतं त्यांनी. परवानगी आली. शाखेच्या एका कॉम्प्युटरवर डबा बसणार. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं: "एक महिना बघू. गडबड झाली तर परत बोर्डावर, मग मला सांगू नका." नाही सांगणार.

मंगलला फोन केला तर तिच्याकडे गिऱ्हाईक. नुसतं "बरं" म्हणाली. घरी आलो तर शिरा केला होता.

९ मार्च, सोम.

पहिला दिवस. कीबोर्ड मोठा, जाड, कळा खडखडणाऱ्या. इथे विंडोज कोणाच्या पोटात नाही, थेट आहे, मधे मावशी नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं तिच्याविना.

सहा तक्रारी घेतल्या. सगळ्यात शेवटी पिंपळगावचे एक बाबा. "दोन महिने झाले पेन्शन नाय आली. इथं येतो, तिथं जा म्हनत्यात. तू तरी लिवून घेतो का?" घेतो म्हटलं, बसा. त्यांचं नाव, खातं, मोबाइल नंबर, सगळं. मला दिसत नाही हे त्यांना मधेच कळलं. मग म्हणाले, "लय भारी चालवतो की." बोटं आणखी जोरात पळायला लागली.

थकलोय. बोटं दुखतायत. किती वर्षांनी.

१० मार्च, मंगळ.

साडेअकराला साहेबांची हाक. केबिनमधून नाही, बाहेर येऊन, सगळ्यांसमोर. "जाधव, इकडे या."

बाबांची तक्रार कार्डाच्या विभागाला गेली होती. वरून फोन आला, पेन्शनचं आमच्याकडे कशाला पाठवता? सरावाच्या कॉपीत पेन्शन चौथी. इथल्या यादीत एक नवा विभाग वर घातलाय, सगळे एकेक घर खाली सरकलेत. डबा "कार्ड" म्हणाला असणार, त्याने त्याचं काम केलं. मी ऐकलंच नाही. बोटांनी चार मोजले आणि जतन. ऐकूनच सगळं करणारा माणूस मी, आणि नेमकं तिथेच नाही ऐकलं.

साहेब बोलत होते. "ऐकून निवडायचं की नाही? म्हातारा माणूस दोन महिने हेलपाटे घालतोय, आणि तुम्ही त्याला अजून आठ दिवस मागे टाकलंत. घाई कसली होती तुम्हाला?" आवाज चढलेला. निवांत वगैरे काही नाही. माझ्याशी या आवाजात या इमारतीत आजवर कोणी बोललेलं नाही. मी उभा राहून ऐकत होतो. चूक माझी आहे म्हणालो. "आहेच," म्हणाले, आणि आत गेले. दार आपटलं. महिन्याचं काय, बोलले नाहीत.

परवीन मॅडम हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. मला तर आठवड्यातून दोनदा पडतं हे."

बाबांचं खरंच वाईट वाटतंय. पण त्याच्या बाजूला अजून एक काहीतरी आहे, त्याचं काय करू? एवढ्या वर्षांत माझी एक चूक निघाली नाही, कारण चूक होण्यासारखं कोणी हातात दिलंच नव्हतं.

घरी आल्याआल्या मंगलला सांगितलं, आज साहेब रागावले, सगळ्यांसमोर. तिने मशीन थांबवलं. "मग हसताय कशाला?"

"अगं, परवीन मॅडमला रागावतात तसे रागावले."

मंगल उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

तक्रार परत बरोबर जागी घालायचं काम साहेब मला देतात की परवीन मॅडमला, उद्या कॉम्प्युटरसमोर बसू देतात की बोर्डापाशी, काही ठाऊक नाही. बाबांना मात्र निघण्याआधी फोन केला. नाव सांगितलं, म्हटलं, बाबा, चूक माझी झाली, मीच दुरुस्त करतो.

ते म्हणाले, "बरं, मग उद्या तुझ्याकडंच येतो."